प्रस्तावना : भावना शेवटपर्यंत पाहताना

चार्ल्स डार्विन यांचे माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावनांवरील पुस्तक १८७२ साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी स्वतःवर केलेल्या एका प्रयोगाची नोंद आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पफ अ‍ॅडर हा विषारी साप जाड काचेच्या आड ठेवलेला होता. डार्विन यांनी आपला चेहरा काचेला भिडवला आणि सापाने झेप घेतली तरी मागे हटायचे नाही, असा पक्का निश्चय केला. सापाने तोंड मारले आणि त्याच क्षणी तो निश्चय कुठल्या कुठे गेला. डार्विन विलक्षण वेगाने एक-दोन यार्ड मागे उडाले. मध्ये काच आहे हे त्यांना ठाऊक होते. सर्पदंश त्यांनी आयुष्यात कधी अनुभवला नव्हता. तरीही इच्छाशक्ती आणि बुद्धी दोन्ही निकामी ठरल्या, असे त्यांनी लिहून ठेवले.

या नोंदीतले मला सर्वांत मोलाचे वाटते ते डार्विन यांचे नंतरचे वागणे. त्यांनी स्वतःला भित्रा ठरवले नाही, झाले ते लपवलेही नाही. तान्ह्या मुलांच्या रडण्याची किंवा माकडांच्या चेहऱ्यांची नोंद ज्या कुतूहलाने त्यांनी घेतली, त्याच कुतूहलाने स्वतःचे दचकणेही त्याच पुस्तकात मांडले. आपल्या शरीराने आपले ऐकले नाही, ही त्यांच्या दृष्टीने लाजेची गोष्ट नव्हती, अभ्यासाची गोष्ट होती. हीच नजर आपण आपल्या रोजच्या भावनांकडे वळवू शकतो. ते कसे करायचे आणि का करायचे, हा या पुस्तकाचा विषय आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या मनाला काही वळणे पडलेली असतात. साहेबांनी बोलावल्याचा निरोप आला की एखाद्याच्या पोटात गोळा येतो. ‘तुला नाही कळायचं ते’ एवढे शब्द कानावर पडले की एखादीच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. गौरी-गणपतीत घर माणसांनी भरलेले असताना थोरली सून हळूहळू गप्प होत जाते आणि का ते तिलाही सांगता येत नाही. रविवारची दुपार कलली की कुणाला उगाच उदास वाटू लागते. प्रसंग बदलतात, समोरची माणसे बदलतात, भावनेची वाट मात्र तीच राहते. मानसशास्त्रात, आणि आता घरच्या बोलण्यातही, याला पॅटर्न म्हणतात.

हे पॅटर्न आपल्याला अगदीच अनोळखी असतात असे नाही. पण त्यांची ओळख असते ती गल्लीतल्या चावऱ्या कुत्र्याशी असावी तेवढीच. ते कुठे बसते हे पक्के माहीत असते, म्हणून आपण पलीकडच्या रस्त्याने जातो. वर्षानुवर्षे हा वळसा घालूनही त्या कुत्र्याबद्दल आपल्याला नवे काहीच कळत नाही. समुपदेशनाच्या खोलीत बसून लोकांचे ऐकताना मला जे सगळ्यात जास्त वेळा दिसले, ते हेच. लोकांना आपल्या भावनेची सुरुवात बारकाईने सांगता येते. छातीत कसे धस्स झाले, हातपाय कसे गळाले, सगळे सांगता येते. ‘मग पुढे काय झाले? ते ओसरले कधी? ओसरताना कसे वाटले?’ असे विचारले की उत्तर सापडत नाही, कारण तोवर ते तिथून उठून गेलेले असतात. कुणी फोन हातात घेतलेला असतो, कुणी भांडण काढलेले असते, कुणी अंगावर पांघरूण ओढलेले असते. भीतीला भावनेची फक्त सुरुवात माहीत असते. मधला भाग आणि शेवट थांबून पाहणाऱ्यालाच कळतो. पुढच्या सगळ्या प्रकरणांतून मला सांगायचे आहे ते एवढेच.

१

भीती हे नेमके कसे घडवते, हे समजून घेण्यासाठी क्लेअर वीक्स यांची गोष्ट उपयोगी पडते. वीक्स (१९०३–१९९०) या ऑस्ट्रेलियातल्या, मुळात प्राणिशास्त्रज्ञ. सरड्यांच्या कुळातल्या प्राण्यांच्या प्रजननावर त्यांनी संशोधन केले होते. सिडनी विद्यापीठाची डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ऐन विशीत त्यांना क्षय झाल्याचे चुकीचे निदान झाले आणि त्यांची रवानगी सॅनेटोरियममध्ये झाली. तिथून त्या बाहेर आल्या त्या छातीची धडधड सोबत घेऊनच. आपल्या हृदयाचे काहीतरी बिघडले आहे, या धास्तीने त्या खचत गेल्या. पहिल्या महायुद्धात लढून आलेल्या एका मित्राला त्यांनी हे सांगितले, तेव्हा त्याने मुळीच आश्चर्य दाखवले नाही. खंदकातल्या सैनिकांचेही असेच होत असे, असे तो म्हणाला. धडधड भीतीमुळे होते आहे आणि तू त्या धडधडीलाच घाबरते आहेस, एवढेच त्याने त्यांना समजावले.

पुढे वीक्स वैद्यकशास्त्र शिकल्या, डॉक्टर झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांनी चिंतेने त्रासलेल्यांसाठी साध्या भाषेत एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी भीतीचे दोन थर वेगळे केले. पहिली भीती आपोआप उसळते, तिच्यावर आपला ताबा नसतो. दुसरी भीती ही त्या पहिल्या भीतीची भीती असते. ‘हे काय होतंय मला? आता चक्कर आली तर? लोक काय म्हणतील?’ हे सारे दुसऱ्या भीतीचे प्रश्न. वीक्स यांचा उपाय चार पायऱ्यांचा होता. जे वाटते आहे त्याला सामोरे जा, ते असू द्या, त्याच्याशी झुंजण्याऐवजी त्यावर तरंगत राहा आणि वेळ जाऊ द्या.

शरीराच्या बाजूने पाहिले तर यात गूढ काही नाही. घाबरल्यावर अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येते, हृदयाचे ठोके वाढतात आणि श्वास भरभर होतो. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. ज्याला हे कारण माहीत नाही त्याला वाटते, आता संपले सगळे. त्या विचाराने आणखी अ‍ॅड्रेनॅलिन स्रवते आणि चक्र फिरू लागते. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये पॅनिक अटॅकचे जे स्पष्टीकरण मांडले, त्याचा गाभा हाच आहे. शरीरातल्या संवेदनांचा भयंकर अर्थ लावला जातो आणि तो अर्थच त्या संवेदना वाढवतो. झटक्याचा कळस बहुधा काही मिनिटांतच होतो आणि मग तो उतरू लागतो. पण उतार पाहायला माणूस थांबलेला नसतो. तो गर्दीतून, लोकलच्या डब्यातून किंवा लग्नाच्या हॉलमधून बाहेर पडलेला असतो आणि बाहेर आल्यामुळेच आपण वाचलो, अशी त्याची खात्री झालेली असते.

ही खात्री फार महागात पडते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होबार्ट मॉवरर यांनी १९४७ मध्ये याचा उलगडा केला. टाळल्यावर जे हायसे वाटते, तेच टाळण्याचे बक्षीस ठरते. म्हणून पुढच्या वेळी आपण अधिक लवकर टाळतो. ज्या गोष्टीची भीती होती ती प्रत्यक्षात तेवढी भयंकर आहे का, हे तपासण्याची संधी दरवेळी हुकते. शिकण्यासारखे असते नेमके तिथूनच आपण निघून येतो.

दाबून टाकणे हाही टाळण्याचाच एक प्रकार. आपल्या घरांत तो मायेने शिकवला जातो. ‘मनावर घेऊ नकोस’, ‘मन घट्ट कर’, ‘चारचौघांत डोळ्यांत पाणी नको’. सांगणाऱ्याच्या हेतूबद्दल शंका नाही. पण डॅनियल वेग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये केलेला पांढऱ्या अस्वलाचा प्रयोग या सल्ल्याची मर्यादा दाखवतो. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आलाच तर घंटी वाजवा, असे सहभागी विद्यार्थ्यांना सांगितले गेले. घंटी वाजतच राहिली. मग अस्वलाचा विचार करायला मोकळीक दिली, तेव्हा या विद्यार्थ्यांच्या मनात ते अधिकच वेळा आले. एका निरुपद्रवी अस्वलाचे हे होत असेल, तर अपमान, मत्सर, मृत्यूची भीती यांना मनाबाहेर ठेवायला किती ताकद खर्ची पडत असेल, याचा विचार करावा.

२

स्वतःच्या मनाकडे पाहणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत, सगळ्या २०५ श्लोकांत मिळून, कवी मनाशी बोलत राहतो आणि त्याला बोध करतो. त्या बोलण्यात मन ही आपल्यासमोर बसलेली, आपण ज्याला काही सांगू शकतो अशी वेगळी व्यक्ती होते. हे अंतर फार महत्त्वाचे आहे, कारण ज्याच्याशी आपण बोलतो त्याला आपण पाहूही शकतो. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी मनावर रचलेल्या कवितेत हे पाहणे आणखी मोकळे होते. खानदेशातली, शेतात राबणारी, लिहिता-वाचता न येणारी ही स्त्री आपल्या मनाचे ओढाळपण पाहते, त्याचे विष पाहते, त्याचा इवलेपणा आणि अफाटपणा एकाच वेळी पाहते. तिच्या स्वरात मनाचा धाक नाही. असले हे मन देवाने घडवले तरी कसे, याचे नवल आहे. या पुस्तकात ज्याला मी कुतूहल म्हणतो, त्याचा इतका निर्मळ नमुना मला दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.

पालीतील सतिपट्ठान सुत्त या बौद्ध सूत्राने या पाहण्याला शिस्त दिली. त्यातल्या चित्तानुपश्यनेच्या भागात साधकाला सांगितलेले काम थोडके आहे. चित्तात आसक्ती असेल तर आसक्ती आहे हे जाणायचे, नसेल तर नाही हे जाणायचे. द्वेषाचे आणि मोहाचेही तसेच. तिथे आधी चित्त स्वच्छ करा आणि मग पाहा, असा क्रम नाही. जे आहे ते आहे तसे जाणणे, हेच काम. 

हा धागा विसाव्या शतकात महाराष्ट्रात एका अनपेक्षित वाटेने परतला. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. त्यांना मायग्रेनचा इतका त्रास होता की मॉर्फिन घ्यावे लागे. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल आणि विपश्यनेचे आचार्य होते. केवळ डोकेदुखीवरचा इलाज म्हणून येणार असाल तर येऊ नका, असे त्यांनी गोयंकांना आधी सुनावले. डोकेदुखी घालवण्याचा हट्ट सोडून शिकायला बसल्यावरच त्यांचे शिकणे सुरू झाले. १९६९ मध्ये गोयंका भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे भरू लागली. दहा दिवसांचे मौन आणि अंगावर उठणाऱ्या संवेदनांचे तटस्थ निरीक्षण, हा तिथला दिनक्रम महाराष्ट्रातल्या हजारो घरांत आज परिचयाचा आहे. खाज सुटते, गुडघा ठणकतो, राग उसळतो. त्यांना हुसकावायचे नसते, धरूनही ठेवायचे नसते. त्या येतात आणि जातात, हे पुस्तकात वाचून कळणे आणि मांडी घालून बसल्यावर स्वतःच्या गुडघ्यात कळणे, यांत मोठे अंतर आहे.

दुसरा धागा अमेरिकेतून आला. अल्बर्ट एलिस (१९१३–२००७) यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचाराची मांडणी केली. प्रसंग आणि भावना यांच्यामध्ये आपला एक दृष्टिकोन उभा असतो आणि भावनेची तीव्रता बरीचशी त्याच्यावर ठरते, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. एलिस यांनी भावनांच्या आणखी एका गुंत्याकडे लक्ष वेधले. माणूस चिंता करतो आणि मग आपण चिंता करतो याची चिंता करतो. उदास होतो आणि उदास झाल्याबद्दल स्वतःला कमी लेखतो. वीक्स यांच्या दुसऱ्या भीतीचेच हे व्यापक रूप. मुंबईच्या डॉ. किशोर फडके यांनी ही पद्धत भारतात रुजवण्यासाठी आयुष्य वेचले. १९९० मध्ये ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘स्वभाव-विभाव’ सारख्या पुस्तकांतून ती मराठी वाचकाच्या बोलण्यात आणली. मनाबद्दल लाज न बाळगता बोलता येते, हे आज अनेक मराठी कुटुंबांना वाटते, त्यामागे या मंडळींचे काम आहे. हे पुस्तक त्याच वाटेवर एक पाऊल पुढे टाकू पाहते.

३

कुतूहल म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? यासाठी मी मॅरियन मिल्नर (१९००–१९९८) यांच्याकडे पाहतो. लंडनमध्ये मानसशास्त्र शिकलेल्या या तरुणीने १९२६ मध्ये एक साधा प्रश्न घेऊन डायरी लिहायला सुरुवात केली. मला आनंद नेमका कशाने होतो? लोक सांगतात त्याने, पुस्तकांत लिहिले आहे त्याने, की आणखी कशाने? सुमारे सात वर्षांच्या त्या शोधातून १९३४ मध्ये जोआना फील्ड या टोपणनावाने त्यांचे ‘अ लाइफ ऑफ वन्स ओन’ हे पुस्तक आले. आपल्याला काय हवे आहे याबद्दलच्या आपल्या समजुती आणि रोजच्या नोंदी यांचा मेळ बसत नाही, हे त्यांना दिसत गेले. लक्ष एका गोष्टीवर आवळून धरले की एक जग दिसते आणि तेच लक्ष सैल, विस्तृत सोडले की वेगळेच दिसते, हाही त्यांना लागलेला एक शोध. त्यांच्याकडे गुरू नव्हता, उपकरणे नव्हती. कागद, पेन्सिल आणि प्रामाणिकपणा एवढ्याच सामग्रीवर हे काम झाले.

नोंदीची ताकद नीट समजावी म्हणून एक उदाहरण देतो. या पुस्तकातली सगळी उदाहरणे अनेकांच्या अनुभवांतून मिळून बनलेली आहेत, कुठलीही एक व्यक्ती त्यांत नाही. एक शिक्षिका आहेत. शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन ‘मॅडम, सरांनी बोलावलंय’ म्हणाला की त्यांच्या पोटात गोळा येतो. तो दुपारपर्यंत जात नाही, असे त्यांचे म्हणणे. ‘मी पहिल्यापासूनच घाबरट’ हा त्यांनी स्वतःबद्दल दिलेला निकाल. त्यांना एवढेच सुचवले की निकाल बाजूला ठेवा आणि गोळा येईल तेव्हा चार गोष्टी लिहा. कुठे होतात, काय ऐकलेत, शरीरात काय झाले, ते केव्हा ओसरले.

काही आठवड्यांनी वहीत असे काही दिसू लागले जे त्यांनी स्वतः कधी पाहिले नव्हते. गोळा रात्री अवेळी दाराची बेल वाजली की येत होता. भावाचा फोन आला आणि तो ‘जरा बोलायचं होतं’ म्हणून थांबला की येत होता. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर रोखठोक चूक दाखवली, त्या दिवशी मात्र आला नव्हता. आणि प्रत्येक नोंदीत तो समोरच्याचे पहिले वाक्य ऐकताच सैल पडत होता. दुपारपर्यंत टिकायचा तो गोळा नव्हताच. आपण इतक्या घाबरलो, ही टोचणी दुपारपर्यंत टिकत होती. म्हणजे भीती साहेबांची नव्हती, रागावण्याचीही नव्हती. कारण न सांगता बोलावले जाण्याची होती. पुढच्या वेळी त्यांनी शिपायाला विचारले, ‘कशासाठी बोलावलंय, काही म्हणाले का?’ इतका साधा प्रश्न त्यांना नोकरीच्या सगळ्या वर्षांत सुचला नव्हता, कारण ‘मी घाबरट’ या निकालानंतर विचारण्यासारखे काही उरतच नव्हते.

निकाल आणि नोंद यांतला हा फरक पुस्तकभर पुन्हा पुन्हा येईल. ‘मी तापट आहे’ हा निकाल आहे. ‘काल जेवताना भाजीवरून आवाज चढला, त्याच्या आधी बँकेचा मेसेज वाचला होता’ ही नोंद आहे. निकालाने स्वभावावर शिक्का बसतो. नोंदीतून पुढचा प्रश्न निघतो. दहा-बारा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या की एखाद्याला दिसते, आपला राग महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चढतो आणि त्याच्या अगदी आधी, क्षणभर, लाज वाटून गेलेली असते. पैसे पुरले नाहीत याची लाज. राग मोठ्याने बोलतो, म्हणून तोच सगळ्यांच्या लक्षात राहतो. लाज हळू आवाजात आधी येऊन गेलेली असते. ती एकदा दिसली की घरातले बोलणे वेगळ्या ठिकाणाहून सुरू होऊ शकते.

भावनेला नेमके नाव देण्यानेही फरक पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतील मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना रागीट किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. त्या भावनेसाठी शब्द निवडायला सांगितल्यावर मेंदूतल्या अ‍ॅमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. प्रयोगशाळेतले चेहरे म्हणजे घरातले भांडण नाही, हे खरे. तरीही ‘कसंतरीच होतंय’ ऐवजी ‘मला डावलल्यासारखं वाटतंय’ असे स्वतःशी म्हणता आले की भोवतीचे धुके बरेच विरते, हा अनुभव कोणालाही घेऊन पाहता येईल.

४

या वाटेवर तीन ठिकाणी पाय घसरतो. त्यांची कल्पना वाचकाला सुरुवातीलाच असावी.

पहिले ठिकाण म्हणजे पाहणे सोडून घोळत बसणे. सुसान नोलन-होक्सेमा (१९५९–२०१३) यांनी आपले बरेचसे संशोधन याच विषयावर केले. उदास असताना आपल्या उदासपणाबद्दलच पुन्हा पुन्हा विचार करत राहिल्याने तो लांबतो आणि खोल जातो, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. बाहेरून निरीक्षण आणि घोळणे सारखेच वाटतात. दोन्हींत माणूस स्वतःचा विचार करत बसलेला असतो. ओळखायचे कसे? प्रश्नावरून. ‘माझ्याच वाट्याला हे का?’ या प्रश्नाला कुठल्याच उत्तराने समाधान होत नाही, म्हणून तो रात्रभर फिरत राहतो. ‘आत्ता काय होतंय? कुठे होतंय? आधी काय झालं होतं?’ या प्रश्नांना उत्तर असते आणि ते मिळाले की वही मिटता येते. पंधरा मिनिटांनंतरही तुम्ही त्याच वाक्यावर असाल तर लिहिणे थांबवा, चालायला जा किंवा कुणाशी तरी बोला.

दुसरे ठिकाण अधिक नाजूक आहे. प्रत्येक भावना ही आपल्या मनाची सवय नसते. कित्येकदा ती जगाबद्दलची खरी बातमी असते. दारू पिऊन हात उगारणाऱ्या नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून जिच्या अंगावर काटा येतो, तिची भीती तिला अचूक माहिती देते आहे. जातीवरून टोमणे ऐकणाऱ्या विद्यार्थ्याचा संताप ही त्याच्या विचारांतली चूक नाही. अशा माणसाला ‘तुझ्या पॅटर्नकडे बघ’ असे सांगणे हा अन्याय आहे आणि असा सल्ला देणाऱ्यापासून वाचकाने सावध राहावे. कुतूहल प्रामाणिक असेल तर ते दोन्ही दिशांना पाहते. आत काय चालले आहे हे पाहते आणि बाहेर काय चालले आहे हेही पाहते. पाहून झाल्यावर कधी आपला दृष्टिकोन बदलावा लागतो, कधी परिस्थिती बदलण्यासाठी मदत मागावी लागते, तक्रार करावी लागते, घर सोडावे लागते.

तिसरे ठिकाण आजाराचे आहे. छातीत दुखणे किंवा धाप लागणे पहिल्यांदाच होत असेल तर आधी डॉक्टरांकडे जावे. ते चिंतेमुळे आहे असे स्वतःच ठरवू नये. मोठ्या आघातातून गेलेल्या व्यक्तीने ती आठवण एकटीने उकरून पाहू नये, शेजारी जाणकार माणूस हवा. मौन शिबिरांसारखी तीव्र साधना गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय करू नये. आणि जगणे नकोसे वाटत असेल तर वही बाजूला ठेवून लगेच कुणाला तरी सांगावे. भारत सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते, मराठीतही. मदत मागितल्याने निरीक्षण संपत नाही. एका जोडी डोळ्यांना दिसत नाही ते कित्येकदा दोन जोड्यांना दिसते.

५

पुस्तकाची रचना या सगळ्याला धरून केली आहे. पहिल्या भागात शरीराची ओळख आहे. राग, भीती, दुःख, मत्सर, लाज यांची शरीरातली ठिकाणे शोधण्याचे साधे सराव त्यात आहेत. दुसऱ्या भागात नोंद ठेवायची पद्धत आहे आणि नोंदींमधून वळण कसे ओळखायचे याची उदाहरणे आहेत. तिसरा भाग नात्यांचा आहे. आपले बहुतेक पॅटर्न एकट्याने घडलेले नसतात आणि एकट्याने चालतही नाहीत. सासू-सून, बाप-लेक, भाऊ-भाऊ यांच्यात एकाचे गप्प होणे दुसऱ्याच्या चढ्या आवाजाला खाद्य पुरवते. अशी जोडवळणे दोघांनी मिळून पाहिली तर त्यांचा पीळ किती लवकर सुटतो, हे तिथे मांडले आहे. चौथा भाग बदलाचा आहे आणि तो मुद्दाम सर्वांत लहान ठेवला आहे. बदलाची घाई हे बहुधा भीतीचेच सभ्य रूप असते. जे नीट पाहिलेच नाही ते बदलायला गेलो की आपण पुन्हा सुरुवातीपाशीच झगडत राहतो.

वाचकांना माझी एक विनंती आहे. सगळ्यात जुन्या, सगळ्यात खोल दुःखापासून सुरुवात करू नका. एखादी किरकोळ चिडचिड निवडा. रिक्षावाल्याने नाही म्हटल्यावरची, नळाला पाणी न आल्याची, ग्रुपवरच्या मेसेजला कुणी उत्तर न दिल्याची. ती उठताच काही करू नका. ती किती वाढते, कुठे टेकते आणि कधी उतरते, तेवढे पाहा आणि लिहा. पहिल्या काही वेळा तुम्ही मध्येच निघून याल. तसे झाले तर ‘मध्येच निघून आलो’ हेच लिहा, तीही उत्तम नोंद आहे. लहान भावनेचा शेवट दोन-चारदा पाहिलेल्या माणसाला मोठ्या भावनेत थांबण्याचे बळ येते. उपदेशाने हे बळ मिळत नाही. ही गोष्ट येते आणि जाते, हे त्याने आता स्वतः पाहिलेले असते.

मला या विषयाची कळकळ वाटते, कारण स्वतःच्या मनाला घाबरून जगणारी माणसे मी रोज पाहतो. ती दुबळी नसतात. घरे चालवतात, शेती करतात, कारखान्यात पाळ्या करतात, आजाऱ्यांची सेवा करतात. एवढे धैर्य असलेली माणसे संध्याकाळी आपल्याच छातीतल्या धडधडीपुढे हतबल होतात, कारण तिच्याकडे पाहता येते असे त्यांना कुणी कधी सांगितलेलेच नसते. शाळेत आपण पानाफुलांचे निरीक्षण शिकतो, आकाशाचे शिकतो, बेडकाच्या शरीराचेही शिकतो. स्वतःच्या रागाचे आणि भीतीचे निरीक्षण हा त्याच शिक्षणाचा राहून गेलेला धडा आहे. तो कोणत्याही वयात शिकता येतो, त्याला खर्च नाही आणि त्यासाठी आधी चांगला माणूस व्हावे लागत नाही. पुढच्या पानांचा उपयोग तुम्ही त्या धड्यासाठी कराल आणि जे दिसेल ते आपल्या जवळच्या एका तरी माणसाला सांगाल, अशी आशा बाळगून हे पुस्तक तुमच्या हाती देतो.